चेटकीण : शब्द, आरोप आणि प्रतीक
(महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात एक विचार)

पाश्चात्त्य स्त्रीवादी विचारात ‘विच’ ही प्रतिमा आता नवीन राहिलेली नाही. फ्रेंच इतिहासकार मिशले याने १८६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मध्ययुगीन चेटकिणीस बंडखोर स्त्रीचे रूप दिले. अमेरिकेतील मटिल्डा जोस्लिन गेज यांनी १८९३ मध्ये चेटकिणींच्या छळाचा संबंध थेट चर्च आणि राज्यसंस्था यांच्या स्त्रीविरोधाशी जोडला. १९६८ मध्ये न्यूयॉर्कमधील काही स्त्रियांनी हेच नाव आपल्या संघटनेस घेऊन रस्त्यावर निदर्शने केली. १९७३ मध्ये एरनराइख व इंग्लिश यांनी ‘चेटकीण म्हणजे लोकवैद्य स्त्री’ असा सिद्धान्त मांडला, तर २००४ मध्ये सिल्व्हिया फेडेरिची यांनी या छळाची सांगड भांडवलशाहीच्या उदयाशी घातली. निंदेचा शब्द उचलून तो अभिमानाने मिरवावयाचा, ही या परंपरेची रीत होय.

अलीकडच्या मराठी लेखनातही हे प्रतीक आढळू लागले आहे, आणि ते येते ते ‘चेटकीण’ या शब्दाच्या आधाराने. भाषांतरात शब्दाला शब्द मिळाला म्हणजे अर्थाला अर्थ मिळालाच, असे मानण्याकडे मनाचा कल असतो. येथे तसे झाले आहे काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी महाड व पोलादपूर हा रायगड जिल्ह्यातील अंतर्भाग समोर ठेवण्याचे कारण दुहेरी आहे. एक तर कोकणातील भूतपिशाच-विषयक शब्दसंपदा फार समृद्ध आहे आणि तिची नोंद शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी झालेली आहे. दुसरे असे की, लादलेल्या कलंकाचे काय करावयाचे, या प्रश्नाचे एक अत्यंत विचारपूर्वक दिलेले उत्तर १९२७ मध्ये याच महाडात दिले गेले.

१. शब्द

प्रथम शब्दांकडे वळू. संस्कृतात ‘चेट’ म्हणजे दास आणि ‘चेटी’ म्हणजे दासी. संस्कृत नाटकांतून ही पात्रे सर्वत्र भेटतात. तंत्रमार्गात ‘चेटक’ हा शब्द साधकाने वश करून सेवेस लावलेल्या भूतशक्तीस लागला, आणि तेथून ‘चेटूक’, ‘चेटक्या’, ‘चेटकीण’ हे मराठी शब्द आले, अशी उपपत्ती लावता येते. कोकणात ‘चेडा’ हे एका पिशाचाचे नाव आहे. दक्षिणेस मालवणी-कोकणीत ‘चेडो’ आणि ‘चेडूं’ हे मुलगा व मुलगी यांचे साधे वाचक शब्द आहेत. ही उपपत्ती ग्राह्य धरली तर एक लक्षणीय गोष्ट दिसते. ज्या शब्दाच्या मुळाशी सेवकत्व आहे, तोच शब्द पुढे धाक वाटावा अशा सत्तेचा वाचक झाला. ‘चेटकीण’ या शब्दात भूत राबविणाऱ्या स्त्रीचे भय आहे आणि राबणाऱ्या दासीची स्मृतीही आहे.

‘डाकीण’ हा ‘डाकिनी’चा तद्भव. बौद्ध तंत्रपरंपरेत डाकिनी ही ज्ञान देणारी, आदरणीय शक्ती होय. खानदेशात व सातपुड्याच्या रांगांत ‘डाकीण’ हा मात्र जिवंत स्त्रीवर ठेवावयाचा जीवघेणा आरोप झाला. ‘जखीण’ हा ‘यक्षिणी’चा तद्भव. याच मूळ शब्दापासून एकीकडे ‘जाखमाता’ ही पूज्य ग्रामदेवता झाली आणि दुसरीकडे ‘जखीण’ हे पिशाच झाले. भाषाशास्त्रात ज्यास अर्थापकर्ष म्हणतात त्याचे हे उदाहरण आहे. परंतु अपकर्ष सर्वत्र झाला नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. देवळात प्रतिष्ठापना झाली तेथे शब्द वर राहिला. देवळाबाहेर राहिली ती शक्ती पिशाच ठरली. ज्या प्रदेशात काळकाई, सोमजाई, वाघजाई यांच्या कौलावाचून गावाचे पान हलत नसे, आणि प्रत्यक्ष रायगडावर शिरकाईचे ठाणे आहे, त्याच प्रदेशात स्त्रीच्या अंगच्या शक्तीस अघोरी मानणारी शब्दावळी नांदत होती. स्त्रीशक्तीचे पूजन आणि स्त्रीचे भय यांत विसंगती आहे असे आपणांस वाटते. शब्दांच्या इतिहासात मात्र ती एकाच मुळाची दोन पाती आहेत.

यापुढील निरीक्षण अधिक महत्त्वाचे आहे. जॅक्सन यांनी खेड्यापाड्यांतील शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून मिळविलेली माहिती एंथोवेन यांनी संपादित केली. तिचा कोकणविषयक भाग १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, उत्तरेही आहेत. प्रदेशपरत्वे तपशिलात फरक असला तरी त्या नोंदींतून पिशाचांचे जे वर्गीकरण हाती येते त्याची रचना स्पष्ट आहे. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला ब्राह्मण कुमार; ब्रह्मसंबंध, खवीस ही नावेही मृत पुरुषाची जात, धर्म किंवा संस्कार यांवरून पडलेली. उलट हडळ वा अळवंत म्हणजे बाळंतपणात किंवा विटाळशी असताना मेलेली स्त्री. जखीण म्हणजे सवाष्णपणी मेलेली. लावसट म्हणजे विधवेचे भूत. पुरुष मेल्यावरही त्याची जात टिकते. स्त्री मेल्यावर तिच्याविषयी दोनच गोष्टी विचारल्या जातात : नवरा होता काय, आणि कूस कोणत्या अवस्थेत होती. मराठी पिशाचनामांची ही व्यवस्था म्हणजे स्त्रीच्या सामाजिक स्थानाचा मृत्यूच्या पलीकडे नेलेला आलेखच होय.

या नोंदींची मर्यादाही सांगितली पाहिजे. उत्तरे देणारे शाळामास्तर होते. म्हणजे बहुतांशी पुरुष, साक्षर आणि गावात काहीशा वरच्या पायरीवर उभे असलेले. बाळंतिणीच्या खोलीत या नावांचा उच्चार कोणत्या सुरात होत असे, हे त्यांच्या कागदात उतरणे शक्य नव्हते. ज्यांच्यावरून नावे पडली त्यांचा आवाज या संग्रहात नाही.

येथेच पाश्चात्त्य ‘विच’ व मराठी ‘चेटकीण’ यांतील पहिला भेद दिसतो. मराठीत मृत स्त्रीचे भय आणि जिवंत स्त्रीवरील आरोप यांसाठी शब्द वेगळे आहेत. हडळीस उतारा देता येतो, तिला झाडावर बांधता येते. चेटकीण वा डाकीण ठरलेली स्त्री मात्र शेजारच्या घरात राहत असते. तिला मारता येते, गावाबाहेर काढता येते. आजच्या बोलण्यात ही नावे एकमेकांत मिसळून थट्टेची झाली आहेत. प्रतीक म्हणून त्यांचा वापर करणारे लेखनही बहुधा हीच सरमिसळ करते.

२. आरोपाचे व्याकरण

शब्दांनंतर वाक्यरचनेकडे पाहू. अकल्पित आजार झाला असता खेड्यात प्रथम जे वाक्य उच्चारले जाते ते ‘बाहेरची बाधा झाली’ असे असते. या वाक्यात कर्ता नाही. दुसरे वाक्य येते ते ‘कुणीतरी करणी केली’ असे. येथे कर्ता आला, परंतु तो अनिश्चित सर्वनामाच्या रूपाने. ‘करणी’ या नामाकडे पाहा : ‘करणे’ या क्रियापदापासून ते सिद्ध झाले आहे, आणि काय केले हे त्यात सांगितलेलेच नाही. केवळ ‘करणे’ हाच अपराध. कृती अनिर्दिष्ट, कर्ता अनिर्दिष्ट. अशा आरोपाचे खंडन कोणी आणि कसे करावे? जे केले ते काय, हेच जेथे सांगितलेले नाही, तेथे ते केले नाही हे सिद्ध करता येत नाही.

‘कुणीतरी’ ही रिकामी जागा भरण्याचे काम देवऋषी, मांत्रिक वा भगत यांचे. कौल लागतो, तांदूळ पाहिले जातात आणि सर्वनामाच्या जागी विशेषनाम येते. छळाची सुरुवात त्या क्षणी होते. या व्यवहारातील नामांची लिंगव्यवस्थाही बोलकी आहे. ‘चेटक्या’ व ‘भुताळ्या’ हे पुल्लिंगी शब्द भाषेत आहेत, आणि पुरुषांवरही असे आरोप झाले आहेत. परंतु शोध घेणाऱ्याची जी प्रतिष्ठित नावे, म्हणजे मांत्रिक, देवऋषी, भगत, ती व्यवहारात पुरुषांची. आणि नित्य कानी पडणारे आरोपवाचक नाव स्त्रीलिंगी. दोघांच्याही ठिकाणी अलौकिक शक्ती कल्पिलेली असते. एकाच्या शक्तीस विद्या म्हणतात, दुसरीच्या शक्तीस चेटूक.

लोकवैद्य स्त्रीच चेटकीण ठरविली गेली, हा १९७३ चा सिद्धान्त मराठी प्रदेशास जसाच्या तसा लावता येत नाही, याचे कारणही येथेच सापडते. (युरोपातही सुइणींवर असे आरोप तुलनेने क्वचित झाले, असे नंतरच्या संशोधकांनी दाखविले आहे.) सातपुड्यातील डाकीण-प्रकरणांत उपचार करणारा भगत हाच बहुधा नाव सांगणाराही असतो. वैद्य आणि आरोपी एक नव्हेत. ते समोरासमोर उभे आहेत.

३. प्रतीक आणि अंतर

प्रतीक बनण्यासाठी वस्तूपासून काही अंतर पडावे लागते. युरोपात खटला चालवून दिलेल्या शिक्षांचा शेवट अठराव्या शतकात झाला. स्वित्झर्लंडमधील ग्लारुस येथे अॅना गोल्डी हिचा १७८२ मध्ये शिरच्छेद झाला, हे त्या परंपरेचे अखेरचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. २००८ मध्ये तिला निर्दोष घोषित करण्यात आले. गेज यांनी नव्वद लाख बळींचा आकडा स्वीकारला होता. आजचे इतिहासकार तो चाळीस ते साठ हजारांच्या दरम्यान मानतात. आकडा इतका फुगू शकला, कारण खटल्यांचे कागद कोणाच्या दैनंदिन अनुभवाचा भाग राहिले नव्हते. १९६८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये टोकदार टोपी घालणाऱ्या स्त्रीस त्या टोपीमुळे कोणी दगड मारणार नव्हते.

महाराष्ट्रात हे अंतर नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यानंतर राज्यात प्रथम वटहुकूम आणि मग त्याच वर्षी जादूटोणाविरोधी अधिनियम आला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते, मंत्राने गुरांचे दूध आटविते असे भासवून तिच्याविषयी संशय निर्माण करणे व तिचे जगणे कठीण करणे, हा त्या अधिनियमाच्या अनुसूचीत अपराध ठरविला आहे. त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एकविसाव्या शतकात असा मजकूर कायद्यात घालावा लागला, एवढ्यावरून ‘चेटकीण’ हा शब्द येथे अजून रूपक झालेला नाही, हे स्पष्ट व्हावे.

शहरी मराठी मनात जी चेटकीण आहे ती या गावची नव्हेच. ती बालवाङ्मयातून आणि बालरंगभूमीवरून आलेली आहे. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या नाटकातील चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी रंगविली आणि ती पिढ्यांच्या आठवणीत राहिली. पुरुष नटाने रंगविलेली, मुलांना हसविणारी ही चेटकीण युरोपीय परीकथांच्या कुळातील आहे. नाटकाचा यात काही दोष नाही. परंतु ज्या प्रतिमेवर स्त्रीवादी प्रतीक उभारावयाचे ती प्रतिमा पुस्तकी आहे, याची जाणीव ठेवणे अवश्य आहे. गावात आरोप होतो त्या स्त्रीचे नाक वाकडे नसते. ती इतर चारचौघींसारखीच असते, आणि भयाचे मूळही तेच आहे.

साधी केरसुणीच घ्या. पाश्चात्त्य प्रतीकात झाडू हे चेटकिणीचे वाहन. घरकामाच्या साधनावर बसून घराबाहेर उडून जाणारी स्त्री, हा त्यातील मुक्तीचा अर्थ. मराठी घरात केरसुणी ही लक्ष्मी. तिला पाय लागला तर नमस्कार करावयाचा आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिला हळदकुंकू वाहावयाचे. येथे केरसुणीवर बसलेली स्त्री मुक्त न दिसता लक्ष्मीचा अपमान करणारी दिसेल. प्रतीकाचा सांगाडा आयात करता येतो. त्यात प्राण ओतणारे व्यवहार आयात करता येत नाहीत.

४. महाडचे उत्तर

आता महाडकडे वळू. १९-२० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व परिषदेचे लोक यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढे सनातन्यांनी पंचगव्य मिसळलेल्या पाण्याच्या १०८ घागरी ओतून तळ्याची ‘शुद्धी’ केली. अस्पृश्यता आणि चेटूक हे दोन वेगळे विषय आहेत. परंतु त्यांच्या आरोपरचनेत एक साम्य आहे. विटाळ स्पर्शाने होतो, दृष्ट नजरेने लागते. दोहोंतही अपराध कृतीत नसून व्यक्तीच्या असण्यात आहे. माणूस काहीही न करता दोषी ठरतो. म्हणूनच या तळ्याच्या वादाचा न्यायालयीन शेवट उद्बोधक वाटतो. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये निकाल दिला तो, अनादि रूढीचा दावा पुराव्याने सिद्ध झाला नाही, या मुद्द्यावर. जे सदैव गृहीत धरले गेले होते त्यास प्रथमच पुरावा मागितला गेला.

१९२७ मध्येच २५ डिसेंबरला महाडात मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता. आज अनेक स्त्रीसंघटना हा दिवस भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात, ते योग्यच आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या ग्रंथाचा नववा अध्याय पाहण्यासारखा आहे. त्याच्या आरंभी स्त्री कोणत्याही वयात स्वातंत्र्यास पात्र नाही, तिचे रक्षण पिता, पती व पुत्र यांनी करावे, असे सांगितले आहे. आणि त्याच अध्यायाच्या अखेरच्या भागात अभिचार व कृत्या यांबद्दल दोनशे पण दंड सांगितला आहे. हा दंडविधान लिंगनिरपेक्ष आहे. अभिचार ही तेथे कृती आहे, स्त्रीचा स्वभाव नव्हे. म्हणजे चेटकिणीस ठार मारावे असे हे शास्त्र सांगत नाही. परंतु आरंभीचा नियम ज्या समाजात मुरला, तेथे पिता, पती वा पुत्र नसलेली स्त्री ही रक्षकाविना उरलेली, म्हणून संशयास्पद ठरणारी स्त्री होते. छळाची आज्ञा ग्रंथात नसूनही छळाची पूर्वतयारी ग्रंथात असू शकते. युरोपात ग्रंथांच्या आधारे स्त्रिया जाळल्या गेल्या. महाडात स्त्रीला परतंत्र ठेवणारा ग्रंथ जाळला गेला.

डिसेंबरच्या त्याच परिषदेच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी स्त्रियांच्या सभेत भाषण केले. त्यात त्यांनी अस्पृश्यतेची ओळख पटविणारी वेशभूषा व दागिने टाकून देण्यास, लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास आणि मुलींना शिक्षण देण्यास सांगितले. कलंकाची खूण अभिमानाने मिरविण्याचा हा मार्ग नव्हे; ती खूण अंगावरून उतरविण्याचा आहे. यावर आक्षेप घेतला जाईल की, ‘दलित’ हा शब्द पुढे, विशेषतः १९७२ मध्ये दलित पँथर स्थापन झाल्यानंतर, अभिमानाचा झालाच ना? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर त्यातच आहे. तो शब्द ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीच उच्चारला आणि संघटित होऊन उच्चारला. आरोपित स्त्री मात्र गावात एकटी असते. ‘आम्ही चेटकिणी’ असे म्हणावयास तिच्याजवळ ‘आम्ही’ नाही.

५. कारण आणि कायदा

विवेकवादी टीकेने या प्रश्नाकडे मुख्यतः अज्ञान म्हणून पाहिले. त्यात तथ्य किती, हे महाडच्याच दुसऱ्या एका उदाहरणाने तपासता येते. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने विशेषतः मुले दगावत, आणि मंत्राने विंचू उतरविण्याची प्रथा सर्वत्र होती. बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या विषाने हृदय व फुप्फुसे यांवर होणारा परिणाम निश्चित केला आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखविला. त्यामुळे गंभीर दंशातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा तीस-चाळीसांवरून शेकडा एकाच्या आसपास आले. मृत्यूचे कारण कळले आणि त्यावर उपाय सापडला, म्हणजे ‘कुणीतरी’ शोधण्याची गरज तितकी उरत नाही.

परंतु ती पूर्णपणे संपत नाही. इव्हान्स-प्रिचर्ड यांनी आफ्रिकेतील अझांदे लोकांविषयीच्या १९३७ च्या ग्रंथात दाखविले की, वाळवीने खांब पोखरला म्हणून कोठार पडले, हे त्या लोकांस ठाऊक होते. त्यांचा प्रश्न वेगळा होता : ते याच माणसावर, याच वेळी का पडले? विंचवाचे विष कसे चढते याचे उत्तर वैद्यक देते; माझ्याच मुलाला का चावला, या प्रश्नाचे देत नाही. हा दुसरा प्रश्न शेजारणीच्या दारापर्यंत जातो तो समाजरचनेमुळे. गोविंद केळकर व देव नाथन यांनी १९९१ मध्ये झारखंडातील आदिवासींविषयी दाखविले की, विधवेचा जमिनीवरील हयातीपुरता हक्क आणि तिच्यावरील डायनपणाचा आरोप यांचा निकटचा संबंध आहे. कोकणातील जमीनधारणा वेगळी आहे. हा निष्कर्ष येथे यांत्रिकपणे लावू नये. परंतु आरोप कोणावर झाला याबरोबरच त्यामुळे काय कोणाच्या हाती आले, हा प्रश्न विचारण्याची शिस्त त्यापासून घ्यावी.

कायद्यांच्या नावांतही भाषिक विवेक दिसतो. बिहारच्या १९९९ च्या कायद्याच्या नावात ‘डायन’ आहे, छत्तीसगडच्या २००५ च्या कायद्याच्या नावात ‘टोनही’ आहे. महाराष्ट्राने २०१३ मध्ये नरबळी, अमानुष प्रथा आणि जादूटोणा ही कृत्ये नावात घेतली. आरोपित स्त्रीचे नाव घेतले नाही. आरोपाचा शब्द कायद्याच्या मथळ्यावर न कोरण्याची ही निवड स्तुत्य आहे. मात्र अनुसूचीत ‘व्यक्ती’ एवढाच उल्लेख असल्याने आरोपाचे स्त्रीलिंगी रूप कागदावर अदृश्य होते. नववा अध्यायही दंड सांगताना लिंगनिरपेक्षच होता, हे येथे आठवावे. कायद्याने लिंगनिरपेक्ष असावे. संशोधनाने तसे राहून चालणार नाही.

६. निष्कर्ष

तर मग हे प्रतीक मराठीत त्याज्य मानावे काय? तसे म्हणणे घाईचे होईल. पाश्चात्त्य स्त्रीवाद्यांनी या प्रतिमेच्या द्वारा एक मोठे सत्य पुढे आणले : हा छळ अज्ञानाचा अपघात नसून स्त्रीवरील सत्तेचा एक प्रकार आहे. ते सत्य मराठीच्या पिशाचनामांतून स्वतंत्रपणे सिद्ध होते, हे वर पाहिले. परंतु सत्य घ्यावे आणि त्याचा पोशाख येथील हवेस मानवतो काय ते पाहावे.

कसोटी व्याकरणातच सापडते. ‘मी चेटकीण आहे’ हे वाक्य सुरक्षित जागी उभी असलेली लेखिका उच्चारते तेव्हा ते होकारार्थी, प्रथमपुरुषी आणि स्वेच्छेचे असते. आरोपित स्त्री ‘मी चेटकीण नाही’ असे म्हणते. ते नकारार्थी असते, जबरीने बोलावे लागलेले असते आणि बहुधा कोणी ऐकत नाही. पहिल्या वाक्याच्या झळाळीने दुसरे झाकले जात असेल, तर ते प्रतीक कितीही तेजस्वी असले तरी ज्यांच्या नावाने ते उभे आहे त्यांच्या कामाचे नाही. मराठी समीक्षेने आणि लोकसाहित्याच्या अभ्यासाने प्रथम हे दुसरे वाक्य नोंदवून घेतले पाहिजे : पोलिसांच्या कागदांतून, न्यायालयांच्या निकालपत्रांतून, आणि शाळामास्तरांच्या जुन्या उत्तरांत ज्यांना विचारलेच गेले नाही त्या स्त्रियांच्या तोंडून.